दुबई की जर्मनी? वाळूजच्या एका डाय डिझायनरचं प्रकरण

पार्श्वभूमी

सुधीर (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) मूळचे अंबड तालुक्यातले. घरी मोसंबीची बाग, वडील अजून स्वतः शेतात जातात. मेकॅनिकलची पदवी, त्यानंतर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधला टूल डिझाइनचा अभ्यासक्रम आणि मग वाळूजमधल्या एका प्रेस शॉपमध्ये (यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) काही वर्षं नोकरी. 2012 साली नोकरी सोडून त्यांनी बजाजनगरात दोन खोल्यांत स्वतःचं डिझाइन ऑफिस टाकलं. मी करसल्लागार आहे आणि त्यांचं विवरणपत्र तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

त्यांचं काम प्रोग्रेसिव्ह डायचं, म्हणजे प्रेसमध्ये बसणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या साच्याचं. पत्र्याची पट्टी एका बाजूने आत जाते, प्रत्येक स्टेशनवर थोडी कापली, थोडी वाकवली जाते आणि दुसऱ्या टोकाला तयार ब्रॅकेट पडतो. कोणत्या स्टेशनवर काय करायचं, पट्टी किती वाचवायची, वाकवल्यावर पत्रा किती परत फिरेल, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर ठरतं. सुधीर हे परदेशी टूल मेकर्ससाठी, म्हणजे डाय बनवणाऱ्या कारखान्यांसाठी, करून देत. 2023 पर्यंत वर्षाची जमा 48 लाखांच्या आसपास गेली होती. हाताखाली दोन मुलं होती, त्यातला एक, आपण त्याला प्रशांत म्हणू, जवळपास त्यांच्याच तोडीचा. ग्राहक तीन: दोन जर्मनीतले, एक ऑस्ट्रियातला. जमेतला साठ टक्क्यांच्या आसपास वाटा श्टुटगार्टजवळच्या एकाच कारखान्याचा.

घरात पत्नी मेघा (खाजगी फार्मसी कॉलेजात शिकवत), नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. मुलाला दम्याचा त्रास आहे. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण

ऑगस्ट 2023 मध्ये सुधीर माझ्याकडे आले ते ठरवूनच. म्हणाले, "सर, दुबईला कंपनी काढायची. कर शून्य. तुम्ही फक्त कागदपत्रं सांगा."

मी त्यांना विचारलं, कर जास्त वाटतोय म्हणून जायचंय का? तेव्हा त्यांनी मोबाइलमधला एक फोटो दाखवला. डाय पहिल्यांदा प्रेसवर चढवून चाचणी घेतात, त्याला ट्रायआउट म्हणतात. त्या ट्रायआउटमधून निघालेली पट्टी होती. चौथ्या स्टेशननंतर कोपऱ्यावर केसाएवढी चीर. जर्मन ग्राहकाने फोटो पाठवून विचारलं होतं, काय बदलू? सुधीर म्हणाले, "हे फोटोत कळत नाही. चीर आतल्या बाजूने सुरू झाली की बाहेरच्या, हे बोट फिरवल्याशिवाय समजत नाही. रेडियस वाढवायचा, पॉलिश करायचं की दाब कमी करायचा? मी इथून अंदाज सांगतो, ते तिथे दुसऱ्या माणसाला बोलावतात. ट्रायआउटचे पैसे तो नेतो, आणि पुढची डायही हळूहळू त्याच्याकडे जाते."

म्हणजे दुखणं कराचं नव्हतंच. त्यांची वाढ प्रेसपाशी अडली होती, आणि ती प्रेस दुबईत नाही. ही गोष्ट त्या पहिल्याच बैठकीत समोर आली, तरी ती मनात उतरायला पुढचे तीन महिने गेले. शून्य हा आकडा माणसाला फार ओढतो, आणि आजूबाजूला दुबईला गेलेले ओळखीचे चारजण असले की अधिकच.

यादीतून लवकर गळलेले देश

त्यांनी एका वहीत देशांची यादी केली होती. बहुतेक नावं इंटरनेटवरच्या लेखांमधून आलेली, आणि ते लेख बहुतांशी अमेरिकन पासपोर्ट समोर ठेवून लिहिलेले. नेदरलँड्सचं उदाहरण घ्या. थोड्या भांडवलावर धंदा सुरू करून राहायला मिळतं असं त्यांनी वाचलं होतं. ती सोय अमेरिकेबरोबरच्या 1956 च्या मैत्री करारातली आहे, भारतीयांना ती लागू नाही.

कॅनडाच्या 'सेल्फ-एम्प्लॉइड' योजनेने त्यांच्या आशा वाढवल्या होत्या, पण ती कला, संस्कृती आणि खेळ या क्षेत्रांतल्या लोकांसाठी होती, डाय डिझायनरसाठी नव्हती. पुढे 30 एप्रिल 2024 पासून तिचे नवे अर्ज घेणंही थांबलं. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी म्हणजे राहण्याचा परवाना असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात ती डिजिटल ओळख आहे. तिच्यावर तिथे कंपनी काढता येते, राहता येत नाही.

पोर्तुगाल थोडा वेळ टिकला. दूर बसून काम करणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या डी-8 व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं. 2023 मध्ये ते महिना 3040 युरो होतं आणि सुधीर त्यात बसत होते. पण लिस्बनमध्ये बसून श्टुटगार्टच्या डायचा फोटोच बघायचा असेल, तर बजाजनगर काय वाईट? शिवाय नव्याने येणाऱ्यांसाठीची जुनी करसवलत 2024 पासून बंद होत होती.

दुबईचा हिशोब

हा पर्याय आम्ही सगळ्यात बारकाईने तपासला, कारण मराठवाड्यातून परदेशी जायचं म्हटलं की पहिलं नाव आखातातलंच निघतं. मुंबईहून तीन तासांचं विमान, ओळखीची माणसं, घड्याळात दीडच तासाचा फरक.

आधी भारतातला कर मांडला. इंजिनिअरिंग हा आयकर कायद्यात नमूद केलेला व्यवसाय आहे. त्यामुळे तेव्हाच्या 44 एडीए कलमाखाली जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येत होती. 48 लाखांवर 24 लाख. 2023-24 च्या नव्या करपद्धतीच्या दरांनी त्यावर 4 लाख 20 हजार कर आणि 4 टक्के उपकर, म्हणजे 4 लाख 36 हजार 800 रुपये. जमेच्या जेमतेम नऊ टक्के. निर्यातीच्या सेवेवर जीएसटी शून्य दराने, हमीपत्र भरलं की झालं.

म्हणजे दुबईला जाऊन जास्तीत जास्त हे 4 लाख 36 हजार वाचणार होते. त्यासमोर फ्री झोनच्या (कंपन्यांसाठीच्या सवलतीच्या क्षेत्राच्या) परवान्याचं नूतनीकरण, चौघांचे व्हिसा, आरोग्यविमा, दोन मुलांच्या शाळेची फी. शारजातल्या दोन खोल्यांच्या घराचं वर्षाचं भाडंच या बचतीच्या पुढे जात होतं. अमिरातीत स्वयंरोजगार करणाऱ्यांना पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा मिळतो. पण त्यासाठी मागच्या दोन वर्षांत स्वयंरोजगारातून वार्षिक 3 लाख 60 हजार दिरहम, म्हणजे त्या वेळच्या दराने ऐंशी लाखांच्या घरात, उत्पन्न दाखवावं लागतं. सुधीर त्याच्या जवळपासही नव्हते.

आणि शून्य तरी खरोखर शून्य होतं का? बजाजनगरचं ऑफिस चालू राहणार होतं. इथल्या मुलांनी इथे बसून केलेल्या कामाचा नफा इथेच करपात्र राहतो. त्याखेरीज 2020-21 पासून आणखी एक नियम आहे: भारतीय नागरिकाचं परदेशी उत्पन्न सोडून बाकीचं उत्पन्न 15 लाखांच्या वर असेल आणि दुसऱ्या कोणत्याही देशात तो रहिवासी म्हणून कर देण्यास बांधील नसेल, तर आपला कायदा त्याला भारताचा रहिवासीच धरतो. शून्य करवाल्या देशात जाणाऱ्या धंदेवाल्याने हा नियम आधी वाचावा असं माझं ठाम मत आहे.

निर्णय मात्र या आकड्यांनी झाला नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेघाताई पहिल्यांदा बैठकीला आल्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सुधीरना म्हणाल्या, "अहो, तुमचं काम वर्षभर बसलं तर तिथं आम्ही चौघं कोण?"

दुबईपुरतं उत्तर सरळ होतं. परवाना धंद्यावर, व्हिसा परवान्यावर आणि बायको-मुलांचा व्हिसा सुधीर यांच्या व्हिसावर. धंदा थांबला की एकामागून एक सगळंच संपणार. नोकरदार माणसाला हा प्रश्न एकदाच पडतो, स्वतःचा धंदा करणाऱ्याला तो दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी पडतो. त्या दिवशी आम्ही वहीतले जुने रकाने खोडले आणि नवे तीन घातले: ग्राहक कुठे आहे, तो देश आपल्या कामाला ओळखतो का, आणि धंदा थांबला तरी कुटुंबाला राहता येईल अशी स्थिती किती दिवसांत येते.

जर्मनीचे दोन दरवाजे

त्याच महिन्यात श्टुटगार्टला ब्लेखएक्स्पो हे पत्राकामाचं प्रदर्शन होतं. सुधीर व्यावसायिक शेंगेन व्हिसावर गेले आणि ग्राहकाच्या कारखान्यात दोन दिवस ट्रायआउटला उभे राहिले. ती चीर आतल्या बाजूने होती. परत आले तेव्हा दुबईचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

जर्मनीत जायचे त्यांच्यापुढे दोन मार्ग होते.

पहिला, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून. जर्मन निवास कायद्याचं कलम 21 त्यासाठी आहे, आणि इंजिनिअर हा तिथल्या मुक्त व्यवसायांत मोडतो, त्यामुळे व्यापार कर लागत नाही. सुधीर यांचा ओढा साहजिकच इकडे होता. अकरा वर्षं कुणाची हजेरी लावली नव्हती. पण अडचणी दोन निघाल्या. साठ टक्के काम एकाच ग्राहकाचं असेल तर तिथली यंत्रणा विचारते, हा खरंच स्वतंत्र आहे की नावापुरता स्वतंत्र असलेला नोकर? तसं ठरलं तर थकलेली सामाजिक विम्याची वर्गणी ग्राहकाच्या गळ्यात पडते, म्हणून ग्राहकही कचरत होता. दुसरी अडचण विम्याची. बाहेरून थेट स्वतंत्र व्यावसायिक म्हणून आलेल्याला सार्वजनिक आरोग्यविम्यात सहसा शिरता येत नाही. खाजगी विमा घ्यावा लागतो, त्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा आणि जुने आजार तपासून आकारलेला. मुलाच्या दम्याचा उल्लेख केल्यावर आलेलं कोटेशन बघून दोघंही गप्प झाले.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच ग्राहकाकडे नोकरी घेऊन ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीच्या निवास परवान्यावर, जाणं. इंजिनिअरिंग हे तिथे मनुष्यबळाच्या टंचाईचं क्षेत्र असल्याने 2024 मध्ये त्यासाठी वार्षिक 41,041.80 युरो पगार पुरेसा होता, आणि ग्राहक त्याहून जास्त द्यायला तयार होता. नोकरदार म्हणून सार्वजनिक विमा मिळतो, त्यात न कमावती पत्नी आणि मुलं वेगळ्या हप्त्याशिवाय येतात आणि जुना आजार कोणी विचारत नाही. पत्नीला नोकरी करण्याची मोकळीक. सरकारी शाळेला फी नाही. आणि सगळ्यात मोलाचं: बी-1 पातळीची (मध्यम, रोजच्या व्यवहारापुरती) जर्मन भाषा आली, तर 21 महिन्यांच्या पेन्शन वर्गणीनंतर कायम निवासाचा अर्ज करता येतो. कायम निवास मिळाला की स्वतःचा धंदा करायला वेगळी परवानगी लागत नाही. सार्वजनिक विमाही ऐच्छिक सदस्य म्हणून पुढे चालू ठेवता येतो.

स्वतःच्या धंद्यासाठी देश निवडायला निघालेला माणूस शेवटी नोकरीपाशी आला, हे काहींना पटणार नाही. सुधीरनाही पंधरा दिवस पटलं नाही. "परत पंचिंग?" हे त्यांचे शब्द. मला मात्र हा मार्ग मनापासून योग्य वाटला, कारण मेघाताईंच्या प्रश्नाला उत्तर फक्त इथेच मिळत होतं. 21 महिन्यांनंतर काम बसलं तरी कुटुंब तिथलं राहणार होतं. वयाचाही मुद्दा होता. 45 च्या पुढे स्वयंरोजगाराचा परवाना मागणाऱ्याला म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. सुधीर 39 चे होते, पण टाळत बसायला वर्षं फार नव्हती.

नातेवाईक महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यातल्या 2024 च्या कराराची बातमी पाठवत होते. तो करार कुशल कामगार पुरवण्याचा आहे, सुधीर यांच्या प्रकरणाशी त्याचा संबंध आला नाही.

सातबारा

डिसेंबरमध्ये मी त्यांच्या गावी गेलो, कारण वडिलांनी बोलावलं होतं. ओसरीवर चहा झाला आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा काढून माझ्यासमोर ठेवला. "साहेब, मला जर्मनी-बिर्मनी कळत नाही. बापूचं नाव ह्याच्यावरनं जातंय का, तेवढं सांगा." बापू म्हणजे सुधीर.

नाव जात नाही. भारतात राहत असताना मिळालेली शेतजमीन परदेशी गेल्यावरही ठेवता येते, आणि वडिलांकडून वारशाने पुढे येणारीही. मात्र परकीय चलनविषयक कायद्यानुसार अनिवासी माणूस नवी शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. बाहेर जाणाऱ्याच्या बाबतीत हा कायदा दिवस मोजत बसत नाही. नोकरीधंद्यासाठी माणूस देश सोडून गेला की तो गेल्यापासूनच अनिवासी धरला जातो. आयकराचे 182 दिवस ही वेगळी गोष्ट.

हे ऐकून सुधीर अस्वस्थ झाले. बागेला लागून चुलतभावाचं एक एकर विकायला होतं. जाण्याआधी घ्यावं तर जर्मनीसाठी बाजूला काढलेली पुंजी त्यात जाणार होती. त्यावर तोडगा सोपा होता: वडील शेतकरी आहेत, इथेच राहतात, त्यांना सवडीने त्यांच्या नावावर घेता येईल. पुढे ते वारशाने येईलच. व्यवहार मागच्या वर्षी झाला, फेरफारही झाला.

काय केलं

ग्राहकाला फेब्रुवारीत माणूस हवा होता. आम्ही एप्रिलपर्यंत थांबायला सांगितलं. आर्थिक वर्ष संपल्यावर गेलं की एकाच वर्षात दोन्ही देशांतली कमाई इथे दाखवण्याची कटकट वाचते, आणि 2024-25 हे अख्खं वर्ष अनिवासी म्हणून मोजता येतं. मुलीची परीक्षाही तोवर होत होती. ग्राहकाने तिथून जलद प्रक्रियेचा अर्ज केला, त्याची फी 411 युरो. पदवीची नोंद आनाबिन या जर्मन डेटाबेसमध्ये शोधून ते पान जोडलं.

बजाजनगरचं ऑफिस बंद केलं नाही. प्रशांतबरोबर भागीदारी पेढी केली. सुधीर फक्त भांडवलाचे भागीदार, रोजच्या कामात नाहीत, कारण ब्लू कार्डवर असताना दुसरं काम करायला मालकाची आणि परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी लागते. पेढीवर सरसकट 30 टक्के कर बसतो, त्यामुळे इथला कराचा बोजा आधीपेक्षा वाढला. तो डोळे उघडे ठेवून स्वीकारला. बँकेतली बचत खाती एनआरओ (अनिवासींसाठीची रुपयातली खाती) केली, घराचं कुलमुखत्यारपत्र भावाच्या नावे नोंदवलं. सुधीर एप्रिल 2024 मध्ये गेले, बाकीचे जूनमध्ये.

निष्पत्ती

पगारातून कर आणि वर्गण्या जाऊन हातात येणारी रक्कम संभाजीनगरच्या शिलकीपेक्षा कमी आहे. हे आधीच माहीत होतं, तरी पहिल्या वर्षी जड गेलं. प्रत्येक मुलामागे महिना 250 युरोचा (2024 चा दर) बालभत्ता आणि बिनफीची शाळा यांनी तोल थोडा सावरला. मुलाचे इनहेलर विम्यात येतात.

पेढीचं पहिलं वर्ष वाईट गेलं. ऑस्ट्रियाच्या ग्राहकाने काम काढून घेतलं, कारण त्याला सुधीरच हवे होते. दुसऱ्या वर्षी प्रशांतने चाकणचे दोन ग्राहक जोडले. मेघाताईंनी बी-1 सुधीर यांच्या आधी पूर्ण केलं आणि आता एका औषधाच्या दुकानात साहाय्यक म्हणून काम करतात. त्यांच्या शिक्षणाच्या मानाने हे खालचं काम आहे, आणि पदवीची मान्यता मिळवण्याचा रस्ता लांब आहे. या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात मोठी किंमत त्यांनी मोजली, असं मी मानतो.

जानेवारी 2026 मध्ये 21 महिने भरले. सुधीर यांनी कायम निवासाचा अर्ज दिला आहे. नोकरी करताना त्यांनी दिवसाआड ट्रायआउट पाहिले, आणि आजूबाजूच्या दोन टूल मेकर्सनी स्वतंत्रपणे काम देण्याची तयारी दाखवली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सुधीर जाण्याच्या दोन महिने आधी भागीदारी झाली. ती वर्षभर आधी होऊन प्रशांतच्या नावाने ड्रॉइंग आणि ईमेल जायला लागले असते, तर ऑस्ट्रियाचा ग्राहक कदाचित राहिला असता. धंदा सोडून जाणाऱ्यांना मी आता हेच पहिलं सांगतो.

भाषेची सुरुवात व्हिसा पक्का झाल्यावर झाली. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात ए-1 ची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, परीक्षा देईपर्यंत निघायची वेळ आली होती, आणि 21 महिन्यांची अट बी-1 शी बांधलेली असल्याने पहिलं वर्ष नोकरी आणि क्लास यांच्या ओढाताणीत गेलं.

मेघाताईंच्या पदवीची चौकशी सुधीर यांच्या पदवीबरोबरच व्हायला हवी होती. ऑगस्ट ते नोव्हेंबर देश कोणता याची चर्चा त्यांच्याशिवाय झाली, आणि ज्या बैठकीला त्या आल्या त्या बैठकीत ती मार्गी लागली. आता असं प्रकरण आलं की पती-पत्नी दोघंही समोर बसल्याशिवाय मी वही उघडत नाही, आणि दोघांची प्रमाणपत्रं पहिल्याच दिवशी मागून घेतो.